शेजारच्या सीटचा ब्रेक

मास्तरांनी जेवणाच्या टेबलावर रस्ता मांडला. मिठाची बरणी म्हणजे दीपगृह. उलथनं म्हणजे कड्यावरची वाट. टेबलाची कड संपली की खाली समुद्र. काडेपेटी ही गाडी.

"आणि हा चहाचा डाग?" काकूंनी विचारलं.

"ती थांबायची जागा. तिथे तू नुसता समुद्र बघायचा."

"आणि ती जागा येईपर्यंत?"

"येईपर्यंत रस्ता बघायचा. उगाच सासरी निघाल्यासारखा चेहरा करू नकोस. मी आहे ना शेजारी."

मास्तरांची हयात शेजारच्या सीटवर गेली. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली. त्यांच्या सीटपुढेही एक ब्रेक होता. शिकणारा गडबडला की ते तो हळूच दाबत, बोलणं न तोडता. शिकणाऱ्याला वाटे, गाडी आपणच थांबवली. मास्तर तसंच वाटू देत. त्याशिवाय माणसाची भीती मोडत नाही, असं त्यांचं म्हणणं.

कड्यावरच्या रस्त्याचं वचन लग्नातलं. पण रविवारीही शिकणारे दारात उभे असत. मग मास्तरांना साखरेचं दुखणं जडलं, नजर अधू झाली, डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं. त्यांनी क्लास गुंडाळला. गाडी मात्र विकली नाही. खुर्चीत बसून भिंतीकडे बघत राहायचे. शेवटी काकूच म्हणाल्या, "मला शिकवा. मी नेते तुम्हाला." त्या दिवशी मास्तर दोनदा दाढी करून आले.

मघाशीच शेवटचा सराव झाला होता. पाण्याच्या टाकीमागचा उतार. गाडीने वेग घेतला आणि गल्लीतून एक हातगाडी आडवी आली. काकूंनी जीव खाऊन ब्रेक दाबला. गाडी हातगाडीला टेकता टेकता थांबली.

"घाबरू नकोस," मास्तर शांतपणे म्हणाले. "दाबला मी."

काकूंनी खाली पाहिलं. मास्तरांचा पाय सगळा जोर लावून दाबत होता. पोटरीच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. पण ब्रेक बाजूलाच होता. पाय नुसत्या मॅटवर होता.

पायाला मुंग्या येतात, एवढंच ते आजवर म्हणाले होते.

काकूंनी तोंड उघडलं. मास्तरांचा चेहरा पाहून पुन्हा मिटलं. कित्येक महिन्यांत तो असा उजळला नव्हता.

आता मात्र टेबलाशी त्यांना राहवेना.

"अहो, मघाशी ब्रेक मी दाबला होता."

मास्तर खो खो हसले. "सगळ्यांना असंच वाटतं गं!"

"मी खाली पाहिलं. तुमचा पाय मॅटवर होता."

"घाबरलेल्या माणसाला काय वाट्टेल ते दिसतं. माझ्याकडे शिकलेला तो शिंपी तर शपथेवर सांगायचा, गाडी मीच थांबवली म्हणून. अजून सांगतो."

"आपण पुढच्या वर्षी जाऊ या का?"

"तेव्हा माझ्या डोळ्यांना काय दिसणार? तू सांगशील आणि मी ऐकेन, होय ना?" ते अजून हसतच होते.

मास्तरांनी काडेपेटी उलथन्यावर ठेवली. काकूंनी ती बोटाने आत, भिंतीच्या बाजूला सरकवली. मास्तरांनी पुन्हा कडेला आणली.

"कडेनेच जायचं. नाहीतर समुद्र दिसेल कसा?"

काकूंनी टेबलाखाली आपला पाय पुढे केला. मास्तरांच्या अनवाणी पावलावर ठेवला. हळूच दाबला. मग जोराने. मग टाच रोवून, सगळं वजन टाकून.

"या वळणावर हॉर्न द्यायचा," मास्तर सांगत होते. "समोरचा दिसत नाही. आणि मनात भीती आली ना, तर पाय उचलून घे सरळ. बाकी मी बघतो."

काडेपेटी कडेकडेने पुढे गेली. काकूंचा पाय मास्तरांच्या पावलावर तसाच रोवलेला होता.