माहेरच्या नावांची चौकशी

खून, दरोडे, दंगली असं बरंच काही नोकरीत पाहिलं. निवृत्तीनंतर त्यातलं पुष्कळसं पुसट झालं. पण एका साध्या अर्जाची चौकशी मनातून जात नाही. त्यात रक्त सांडलं नव्हतं, कुणाला बेड्याही पडल्या नव्हत्या.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. सकाळची हजेरी आटोपून टपाल पाहत होतो, तेव्हा हवालदाराने वरिष्ठ कार्यालयाकडून आलेला लखोटा पुढे ठेवला. आत सहा गावकऱ्यांच्या सह्यांचा अर्ज होता. पश्चिमेच्या डोंगरात एका संस्थेचं प्रसूतिगृह आहे, तिथल्या नोंदवहीतल्या बायका बोगस आहेत आणि त्यांच्या नावावर संस्था देणग्या उकळते, अशी तक्रार होती. सोबत अकरा बायकांची यादी जोडली होती. प्रत्येकीच्या नावापुढे ग्रामसेवकाचा दाखला होता : 'या नावाची स्त्री आमच्या गावच्या मतदारयादीत नाही.' अर्जाची एक प्रत आयकर खात्याला गेली होती. कोपऱ्यात शेरा होता, पंधरा दिवसांत अहवाल द्यावा.

दाखले पाहून माझं मत तिथंच बनलं. शिक्का दिसला की पोलिसाला कागद जरा जास्तच खरा वाटतो.

प्रसूतिगृह म्हणजे पत्र्याच्या छपराच्या तीन खोल्या आणि सहा खाटा. निवृत्त सरकारी नर्सने ते उभं केलं होतं. सगळे तिला 'सिस्टर' म्हणत. दूरच्या वाड्यांवरच्या गरोदर बायका दिवस भरायच्या पंधरा दिवस आधीच चालत खाली यायच्या आणि बाळंत होईपर्यंत तिथं राहायच्या. पंधरा दिवसांची मुदत आहे म्हणून मी तीन दिवसांनी गेलो, तेव्हा आयकरवाले नोंदवह्या घेऊन गेले होते. संस्थेची करसवलत रोखली होती, त्यामुळे पुण्यातल्या देणगीदारांनी हात आखडता घेतला होता. एकच खाट भरलेली होती. सिस्टर व्हरांड्यात दुपट्यांच्या घड्या घालत होती. तिच्याकडे दहा वर्षं नोंदवही लिहिणारा पन्नाशीचा कारकून चहा घेऊन आला.

मी उभ्यानेच विचारलं, "बाई, खोट्या बायका दाखवल्या असतील तर आत्ताच सांगा. पुढं जड जाईल."

"साहेब, आत एक जण आहे," ती म्हणाली. "कळा सुरू झाल्यात. जरा हळू बोला."

आवाज खाली आणून मी पुन्हा विचारलं, नावं लिहिताना पुरावा काय घेता?

"बाई जे नाव सांगते ते लिहितो. चार तास डोंगर उतरून आलेल्या बाईला दारात अडवून रेशनकार्ड विचारू का?"

अकरा जणींची यादी मी तिला दाखवली नाही, चौकशी गोपनीय होती. आयकर खात्यानेही दाखवली नव्हती. लाभार्थींचे पुरावे द्या, एवढंच नोटिशीत होतं. आपल्यावर नेमका आरोप काय आहे हे तिला धड ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एका हवालदाराला घेऊन यादीतल्या पहिल्या गावी गेलो. जीप जाईल तिथपर्यंत जीपने आणि पुढे पायी. एका घरासमोर एक म्हातारी भात वाळत घालत होती. हवालदाराने तिला यादीतलं नाव वाचून दाखवलं.

"ही? ही तर आमच्या थोरल्याची लेक," म्हातारी म्हणाली. "पयल्या खेपंला आली व्हती. सिस्टरच्या दवाखान्यात पोरगी झाली तिला."

"मग मतदारयादीत नाव का नाही?"

म्हातारी हसली. "तुमी बी राव! लगीन झाल्यावं नाव ऱ्हातंय व्हय माहेरात? सासरी दुसरंच नाव ठिवलंय तिचं. आमी आपलं जुनंच बोलतो."

मी हवालदाराकडे पाहिलं, तो माझ्याकडे. आम्हा दोघांच्याही बायका पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या, आणि ही साधी गोष्ट दोघांनाही सुचली नव्हती. दाखला खोटा नव्हता. त्या नावाची बाई त्या यादीत नव्हतीच. फक्त तिच्या आजीला कुणी विचारलं नव्हतं.

पुढचे आठ दिवस आम्ही लेकी शोधत हिंडलो. काही सासरी सापडल्या, दोघी आंबेगावच्या वाड्यांवर. एक नवऱ्याबरोबर मजुरीला राजुरीकडे आली होती. कांदाकाढणी चालली होती. बांधावर उभं राहून मी तिचं माहेरचं नाव मोठ्याने घेतलं. दहाबारा बायकांतली एकही हलली नाही. मी पुन्हा हाक मारली. तेव्हा टोकाची एक बाई सावकाश उभी राहिली आणि खाकी कपडे पाहून घाबरली.

"घाबरू नको," मी म्हणालो. "तूच ना ती?"

"व्हय. पर ह्या नावानं मला हितं कोन वळखतं? आई गेल्यापासनं कुनी हाकच न्हाई मारली." तिने मातीचा हात तसाच डोळ्यांना लावला. मग शेजारणीकडे वळून म्हणाली, "आगं, माजं नाव हाय त्ये."

तिचा जबाब मी बांधावर बसून लिहिला. अंगठा घ्यायची वेळ आली तेव्हा तिने विचारलं, "कंचं नाव लिवलंय?" मी सांगितलं, दोन्ही. तिला बरं वाटलं.

अकराच्या अकरा जणी खऱ्या निघाल्या. आता प्रश्न एवढाच होता, की यादी केली कुणी? मूळ नोंदवही पाहायला मी पुण्याला आयकर कार्यालयात गेलो. तिथला अधिकारी तरुण आणि सभ्य होता. त्याने नोंदवही समोर ठेवली.

"आमच्या भागात संस्था पुष्कळ आहेत," मी म्हणालो. "पुढाऱ्यांच्याही आहेत. तपासणी हिचीच का?"

"अर्ज आला म्हणून."

"इतरांचे अर्ज येत नाहीत?"

"येत असतील. माझ्या टेबलावर ही फाइल आली. वर 'तातडीचे' असा शेरा होता."

"घाई कुणाला होती?"

"ते फाइलमध्ये लिहिलेलं नसतं, साहेब."

त्याने नियमाबाहेर काही केलं नव्हतं. मीही केलं नसतं.

नोंदवहीत 'सोबत कोण' असा एक रकाना होता. आईबरोबर किंवा भावजयीबरोबर माहेरहून आलेल्या बायकांवर मी पेन्सिलीने खुणा केल्या. यादीतल्या नोंदी ज्या वर्षाच्या होत्या, त्या वर्षी अशा बारा जणी होत्या. तक्रारीच्या यादीत अकरा. म्हणजे यादी करणाऱ्याला नेमक्या माहेरच्या नावाने लिहिलेल्या बायका ठाऊक होत्या. नोंदवही जवळून पाहिल्याशिवाय ते जमणारं नव्हतं. मग बारावी का वगळली? तिच्या वडिलांचं नाव वाचलं आणि मी नोंदवही मिटली.

कारकुनाला मी ठाण्यात बोलावलं. कोठडीजवळ नाही, माझ्या खोलीत बसवलं आणि चहा मागवला. माझा अनुभव असा, की सराईत माणूस दमदाटी केल्यावर बोलतो, पण आयुष्यात पहिल्यांदा चुकलेल्याला शांतपणे बसू दिलं की तो आपोआप बोलतो. मी यादीतली अकरा नावं सावकाश वाचली. मग नोंदवहीतलं बारावं वाचलं.

"भाऊ, हे नाव यादीत का नाही?"

त्याने हातातली कपबशी खाली ठेवली.

"लेक हाय माजी," तो म्हणाला. "तिचं नाव खोटं म्हनून लिवायला हात धजला न्हाई, साहेब."

पुढचं सगळं त्याने स्वतःहून सांगितलं. गावच्या पंचायतीच्या निवडणुकीत बायकांनी आपलं पॅनेल उभं केलं होतं आणि गावातल्या एका पुढाऱ्याचं पॅनेल पडलं होतं. सिस्टरने बायका फिरवल्या असा राग होता. पुढाऱ्याच्या जवळचा एक माणूस कारकुनाला भेटला. जावयाला शाळेत शिपाई म्हणून लावतो म्हणाला, त्या बदल्यात फक्त नावं हवी होती. सह्या, दाखले, अर्ज कुठं द्यायचा हे सगळं तो पाहणार होता.

"जावई घरी बसून व्हता. लेक उपाशी ऱ्हायची. मला वाटलं, चौकशी व्हईल, आनि काय. दवाखाना बंद पडंल असं न्हाई वाटलं."

जावयाला नोकरी मिळालीच नव्हती.

पुढाऱ्याच्या त्या माणसाने जबाबात सगळं नाकारलं. पुढाऱ्यापर्यंत माझा तपास पोचला नाही, हे मी मान्य करतो. आयकर खात्याला कुणी सांगितलं की नुसत्या अर्जावर चाकं फिरली, हेही मला सिद्ध करता आलं नाही. अहवालात मी तेवढंच लिहिलं जेवढं सापडलं. सिस्टरलाही निवडणुकीचं विचारलं. ती म्हणाली, "बाया माझ्या व्हरांड्यात बसून बोलायच्या हे खरं. मी त्यांना गप्प बसवलं नाही, हेही खरं." ते वाक्य मी जसंच्या तसं लिहून घेतलं.

कारकुनाला तिच्यासमोर उभं केलं तेव्हा तो वर बघेना. सिस्टरने हातातलं दुपटं उलगडून पुन्हा त्याची घडी घातली. तिचा राग मला दिसत होता.

"नातवाचं जावळ काढलंस का?" शेवटी तिने विचारलं.

त्याने मान हलवली आणि रडू लागला.

"नोंदवही आता तुझ्या हातात देणार नाही," ती म्हणाली. "पण येणं बंद करू नकोस. वरच्या वाड्यांच्या वाटा तुलाच माहीत आहेत." तिने त्याच्याविरुद्ध फिर्याद द्यायला नकार दिला. मी दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हणाली.

करसवलत परत मिळायला वर्षाच्या वर गेलं. मधल्या काळात एक पावसाळाभर प्रसूतिगृह बंद होतं. त्या पावसाळ्यात एका वाडीवरच्या बाईला डोलीत घालून खाली आणत होते. बाई वाचली. बाळ वाटेतच गेलं. ही बातमी मला कारकुनाने येऊन सांगितली. सांगताना तो दारातच उभा राहिला, आत आला नाही.

मी त्या वाडीवर गेलो. पोलिसाचं तिथं काही काम नव्हतं, गुन्हा नव्हता, कागद नव्हता. बाई घराच्या कडेला बसली होती, तिच्या आईने घोंगडी अंथरली आणि कोरा चहा दिला. थोड्या वेळाने आईने विचारलं, "साहेब, त्या दवाखान्याची चौकशी तुमीच केली न्हवं? काय निगालं त्यात?"

"नावं खरी निघाली, आजी," मी म्हणालो.

तिच्या आवाजात राग नव्हता.

"ती तर पयल्यापासनं खरीच व्हती," ती म्हणाली.

पुढे नोकरीची बरीच वर्षं होती, अर्जही पुष्कळ आले. खऱ्या-खोट्याचा निकाल लावणं म्हणजे न्याय, अशी माझी समजूत होती. निकाल लागेपर्यंत माणसांना थांबावं लागतं आणि सगळ्यांना थांबता येत नाही, हे मला त्या घोंगडीवर कळलं. त्यानंतर कुठल्याही चौकशीला पंधरा दिवसांची मुदत असली, तरी मी पहिल्याच दिवशी बाहेर पडू लागलो.