अकरा सुरांची पाठवणी

आमच्या दारातून निघताना मी रडत होते, हे तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. मांडवातल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, "पोरगी लई हळवी हाय की." रडले, खरं आहे. पण माहेर सुटतंय म्हणून नाही. मला राग आला होता. दात आवळून आवळून जबडा दुखत होता, आणि तोंडावर पदर होता म्हणून ते कुणाला दिसलं नाही. इतकी वर्षं गप्प बसले, आता नाही बसणार.

सोलापूरचा मे महिना. दारात फुलं लावलेली ॲम्बॅसिडर, तिच्यापुढे मोठ्या काकांचा बँड, लाल कोटात घामानं निथळणारा. काकांनी क्लॅरोनेट खाली घेतलं आणि हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. पाठवणीची धून वाजवण्याआधी ती कुणी बसवली हे मास्तरनं मोठ्यानं सांगायचं, असा आमच्या बँडचा रिवाज. काका म्हणाले, "मंडळी, ही धून मी सोता बसवल्याली हाय. आज माज्या पुतणीसाठी वाजवतो." आणि वाजवली. बायका हुंदके देऊ लागल्या. माझे वडील, अण्णा, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. धून होतीच तशी. मी सतराव्या वर्षी केलेली.

घरात प्रत्येकाला हे माहीत होतं. काकांना सरगम लिहिता येत नसे. ते वाजवायचे आणि मी वहीत उतरवायची, म्हणून मला पेटी शिकवली होती. पेटी घरात, दार लावून. मग कुंभारीला माझ्या मैत्रिणीचं लग्न झालं. ती गाडीत बसताना आमच्याच बँडनं सिनेमातलं कसलंसं उडतं गाणं वाजवलं, आणि ती बिचारी रडता रडता गोंधळून इकडेतिकडे बघायला लागली. मला फार लाज वाटली. आठ दिवस पेटीवर बसून मी नवी धून बांधली. काकांनी ती ऐकली, डोळे मिटले आणि म्हणाले, "उतरव वहीत." मी उतरवली. पानावर बसवणाऱ्याचं नाव त्यांनी स्वतःचं घालायला लावलं. तेही माझ्याच हातानं.

दोन लगीनसराया गेल्या आणि काकांना सगळे 'पाठवणीवाले मास्तर' म्हणू लागले. माढ्यापासून लोक सुपारी घेऊन यायचे. मी आतून चहा पाठवायची.

माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी एकच गोष्ट मागितली. दागिना नाही, साडी नाही. "उद्या एकदाच सांगा, धून निमानं केली म्हणून." काका हसले. "वाजवंल त्याची धून असती, निमा. तू कुटं वाजवती?" मी अण्णांकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, "सासरच्यांसमोर बँडसंगं पोरीचं नाव नको. गप की आता." काकांची धाकटी लेक सुमन तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. ती माझ्या मांडीवर बसून मेंदी वाळवत होती. तिनं विचारलं, "अक्का, तुजी धून हाय ती?" तेवढी एकटीच विचारणारी निघाली.

तर अशी मी कॅलिफोर्नियाला आले. नवरा तिथं इंजिनिअर. माणूस भला, पण दिवसभर कामावर. आपल्याकडे दार उघडं टाकलं की गल्ली आत येते. इथं मी दार उघडून बसले तर शेजारीण काळजीनं विचारायला आली, काही बिघडलं आहे का. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना हे सांगायला नको. पहिली दोन वर्षं मी घरात मोठ्यानं मराठी बोलायची, स्वतःशीच, आणि त्यातलं निम्मं बोलणं काकांशी असायचं. भांडणच. त्यात मी दर वेळी जिंकायची.

मग नोकरी धरली. खेळाची मशीनं बनवणारी कंपनी होती. कपाटाएवढं खोकं, त्यात टीव्ही, नाणं टाकलं की खेळ सुरू. आम्ही बायका ओळीत बसून बोर्डांवर पार्ट सोल्डर करायचो. सकाळची शिफ्ट, अर्ध्या तासाचं लंच, डब्यात पोळी आणि शेंगांची चटणी. पलीकडे टेस्टिंगची खोली. तिथून दिवसभर मशीनांचे सूर यायचे आणि माझं डोकं उठायचं, कारण गंधार चढा लागत होता. एक दिवस न राहवून आत गेले आणि तिथल्या प्रोग्रामरला, वॉल्टरला, गाऊन दाखवलं की हा सूर असा हवा, तुझा असा येतो. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानं कागदावर आकडे मांडून दाखवलं की चिपमधून काही सूर नेमके निघतच नाहीत, जवळपास जातात. मी म्हटलं, मग जे नेमके निघतात तेवढ्यातच धून बांध की. त्यानं खुर्ची पुढे सरकवली.

कंपनीनं एक संगीतकार ठेवला होता, चांगला शिकलेला. पण त्याला एका वेळी तीन-चार सूर लागायचे आणि मशीन एका वेळी एकच सूर काढायचं. तो वैतागून निघून गेला. मला त्यात अडचण काय तेच कळेना. आमचा अख्खा बँड एका वेळी एकच सूर वाजवत आला होता, सोळा माणसं मिळून. खेळ सुरू होतानाची धून, नाणं पडल्याची, जिंकल्याची, मी एकेक करत गेले. मी सोलापूरहून आणलेल्या पेटीवर वाजवायची, वॉल्टर आकडे भरायचा. चित्रं काढणारा एक जण होता, तो म्हणायचा इथं अर्धा सेकंद जास्त पाहिजे. मग वॉल्टर म्हणायचा चिपमध्ये जागा नाही. मग मी एक सूर गाळायची. शुक्रवारी सगळी टीम मशीनभोवती जमून खेळायची आणि तोंडावर सांगायची, हे रटाळ आहे, हे छान आहे. माझ्या कामाबद्दल कुणी माझ्या तोंडावर बोलतंय, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

नव्या खेळात वादळातली होडी होती. होडी बुडाली की हरल्याची धून हवी. वॉल्टर म्हणाला, जागा अकरा सुरांची. वाईट वाटलं पाहिजे, पण माणसानं पुन्हा नाणंही टाकलं पाहिजे.

मला विचार करावा लागला नाही. पाठवणीच्या धुनेची पहिली ओळ बरोबर अकरा सुरांची आहे. मी ती वाजवली, शेवटचा सूर थोडा खाली घसरवला, बास. हातून चुकून झालं असं कुणाला वाटायला नको, म्हणून सांगते: मी हे ठरवून केलं. म्हटलं, घ्या काका. ज्या धुनेवर तुम्ही फेटे बांधून घेतले, ती आता गावोगाव माणूस बुडाला की वाजेल. वाजवंल त्याची धून ना? मग वाजवू दे मशीनला. शुक्रवारी टीमनं ऐकलं. वॉल्टरनं खिशातून दुसरं नाणं काढलं. त्या दिवशी घरी येऊन मी शिरा केला.

नंतर विचारलं, मशीनवर माझं नाव घालशील? वॉल्टर ओशाळला. कंपनी कुणाचंच नाव घालत नाही, म्हणाला, माझंही नाही. मी हसले. सात समुद्र ओलांडून आले तरी मास्तर तेच, फक्त इथं टाय लावतात.

होडीचा खेळ खूप खपला. सत्तरचं दशक संपून दोन-तीन वर्षं झाली असतील. जुनी मशीनं कुठून कुठून फिरत आपल्या देशातही गेली होती आणि त्यातलं एक चक्क सोलापूरच्या नव्या पेठेत, एका रेडिओच्या दुकानाच्या मागच्या खोलीत येऊन बसलं. हे मला माझ्या बहिणीच्या, शकूच्या पत्रातून कळलं. आणि पुढचंही.

सुमनचं लग्न ठरलं होतं. काकांची लेक, म्हणून काका स्वतः पुढे उभे. पाठवणीला रिवाजाप्रमाणे हात वर केला, 'मी सोता बसवल्याली' सांगितलं आणि सुरुवात केली. पहिली ओळ संपायच्या आत नवरदेवाचे मित्र खो खो हसायला लागले. "बुडाली! होडी बुडाली!" सगळी त्या मागच्या खोलीतली गिऱ्हाइकं. मग ज्यांना कळत नव्हतं तेही हसले. काकांनी रेटून पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. व्याही तावातावानं पुढे आले की आमच्या सुनेच्या पाठवणीला बुडाल्याची धून वाजवता, हा काय अपशकुन? काकांचं क्लॅरोनेट हातातच राहिलं.

इथपर्यंत वाचलं आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू? तेवढ्यासाठीच तर इतकी वर्षं तो राग जपला होता.

मग पान उलटलं. शकूनं लिहिलं होतं, 'सुमनचं रडणं थांबलं गं अक्का. सगळी हसत हुती आन ती मदीच उभी, कुणाकडं बगावं तिला कळंना.' मला कुंभारीची माझी मैत्रीण आठवली, जिच्यासाठी मी ती धून बांधली होती. मी काकांवर नेम धरला आणि लागला त्या पोरीला. सुमनला मी पत्र लिहिलं, सगळं खरं सांगितलं, माफी मागितली. काकांची मागितली नाही. मागणारही नाही. अण्णांनाही सांगा, त्यांचं ते 'गप की आता' मी अजून गिळलेलं नाही.

इथं मला काही कमी नाही. घर आहे, काम आहे, वॉल्टरची बायको आता माझ्याकडून शेंगांची चटणी मागून नेते. पण इथं कुणावर इतका राग धरावा असं कुणी नाही. सकाळी उठल्याबरोबर भांडायला मला अजून सोलापूरचीच माणसं लागतात, आणि माझ्यापुरतं तरी तेच घर आहे. त्याला काय करणार?

राहिला पत्राचा शेवट. व्याही अंगावर आले तेव्हा काकांनी काय केलं, तर त्यांनी हात वर केला, सगळ्यांना गप्प केलं आणि भरल्या मांडवात, खड्या आवाजात सांगितलं, "मंडळी, धून माजी न्हाय. अमेरिकेतल्या आमच्या निमाची हाय. तिनं बसवली."

दहा वर्षं मागून जे मिळालं नाही ते असं मिळालं, अंगावरची घाण झटकावी तसं. संतापानं मी ते पत्र चुरगाळलं. मग पुन्हा सरळ केलं, त्यावरून इस्त्री फिरवली. ती एक ओळ मी रोज वाचते.