मयताशी नातं : स्वतः

आईची शप्पथ घेऊन सांगतो, ह्यातलं सगळं खरं हाय. म्हंजे निम्मं मी डोळ्यानं बघितलंय, पाव ऐकलंय, आणि उरलेलं पाव तसंच झालं असणार. दुसरं काय होणार?

तू नवा हैस म्हणून सांगतो. आपल्या मशीन शॉपात किस्से मशीनखालच्या लोखंडी चिप्ससारखे साठत्यात. शिफ्ट सुटताना झाडायचं, सकाळी परत घोट्याएवढे. दुसऱ्या कारखान्यांत मालकाचे किस्से असत्यात, कुणाच्या लफड्याचे असत्यात. आपल्यात सगळे सुट्टीचे. आणि त्यातले चांगले सगळे एकाच माणसाचे. परशराम आण्णा. गाव येळ्ळूर, वय पंचेचाळीस, ह्याच शॉपात तेवीस वर्षं सेटर. सेटर म्हंजे मशीनला टूल बांधून पहिला पीस बरोबर काढून देणारा. पहिला चुकला तर मागचे पाचशे भंगारात. आण्णाचा कधी चुकला न्हाय. मला मायक्रोमीटर धरायला त्यानंच शिकवलं.

* * *

सुरवात आण्णाच्या आप्पांपास्नं, म्हंजे वडलांपास्नं. ते पण बेळगावातल्याच एका फौंड्रीत होते. त्यांचं प्रत्येक वाक्य "रिटायर झालो की" असं सुरू व्हायचं. रिटायर झालो की रोज पहाटं गावाजवळच्या गडावर चालत जाणार. त्यासाठी त्यांनी बूट घेतलेले. भारीतले, जाड मऊ सोलचे. आणि डब्यासकट कपाटावर ठेवले.

"घाला की आप्पा," आण्णा म्हणायचा.

"आत्ता घातले तर झिजत्यात."

सहा वर्षं डबा कपाटावर. मग रिटायर झाले, शाल-नारळ झाला, दुसऱ्या दिवशी पहाटं बूट घालून निघाले. वेशीपर्यंत गेले असतील, उजव्या सोलचा भुगा झाला. चहात बिस्किट पडल्यागत. दहा पावलांवर डाव्याचा. असले बूट न वापरता ठेवले की सोल आतल्या आत कुजतोय, असं दुकानदारानं नंतर सांगितलं. आप्पा परत आले ते वरनं बूट, खालनं अनवाणी.

"काय झालं?" आण्णानं विचारलं.

"काय न्हाय," आप्पा म्हणाले. "झिजू दिले न्हाईत, म्हणून मेले."

चौथ्या महिन्यात आप्पांची डावी बाजू गेली. खाटंवरनं गड दिसतोय. खिडकी त्याच बाजूला हाय, तेवढं बरं.

* * *

त्यानंतर एक दिवस आण्णा चहाला बसल्यावर म्हणाला, "मी वर्षभर सुट्टी काढणार."

"कशाला?"

"घरचा भात बघायचाय. पेरणीपास्नं मळणीपर्यंत. तेवीस वर्षं बसच्या खिडकीतनं बघतोय. भाऊ पेरतोय, भाऊ कापतोय, मी नुसता खातोय. साठीनंतर बघू म्हटलं तर आप्पांच्या शेजारी दुसरी खाट टाकाय लागंल."

गेटवरचे फौजी मामा शेजारीच बसलेले. मामा फौजेतनं चाळिशीच्या आत सुटून आलेत. आपल्याकडं फौजी सुटून आला की गावात उघड्या जीपमधनं मिरवणूक निघती. फेटा, हार, डॉल्बी, सगळं. मामांची तीन तास चाललेली. दोन महिन्यांनी मामा आपल्या गेटवर उभे, डबल शिफ्ट.

आण्णानं विचारलं, "मामा, तुमी लवकर सुटलासा. बरं वाटलं काय?"

मामांनी बराच विचार केला.

"जीपमध्ये लई बरं वाटलं," म्हणाले.

* * *

एचआरच्या मॅडम धारवाडच्या. मराठी समजती त्यांना, पण ऑफिसात कन्नड न्हायतर इंग्लिश. आण्णाचं कन्नड भाजी घेण्यापुरतं. म्हणून मी संगट गेलतो.

"कारण येनु?" मॅडम म्हणाल्या.

"भात बघायचाय," आण्णा म्हणाला.

मी इंग्लिशमध्ये सांगितलं, "पॅडी ऑब्झर्वेशन."

मॅडमनी कॉम्प्युटरात बघितलं. असलं ऑप्शन नव्हतं. लांब सुट्टीला ऑप्शन तीनच. स्वतःचं लग्न, आजारपण, घरातला मृत्यू. लग्नाला सात दिवस. आजारपणाला डॉक्टर सांगंल तेवढे. मृत्यूच्या पुढं दिवसांचा रकाना रिकामा. तुमचं तुमी भरा.

"आप्पांचं नाव घाला," मी आण्णाला म्हटलं.

"जिवंत माणसाचं? तोंड धू."

मग मी म्हटलं, द्या फॉर्म हिकडं. मयताचं नाव, परशराम. मयताशी नातं, स्वतः. दिवस, तीनशे पासष्ट. खाली आण्णाची सही घेतली. त्यानं वाचलं न्हाय. इंग्लिश होतं, आणि मी भरलेलं. मला वाटलं, मॅडम वाचतील, फॉर्म तोंडावर फेकतील, आणि चहाला एक किस्सा होईल.

तिसऱ्या दिवशी फॉर्म मंजूर होऊन आला. वर शिक्का, खाली मॅडमच्या अक्षरात एक ओळ. कंपनी आपल्या दुःखात सहभागी आहे.

* * *

शनिवारी शिफ्ट सुटायच्या आधी मशीनं बंद करून सगळ्यांना रांगेत उभं केलं. मॅनेजर साहेब आले. म्हणाले, परशराम आपल्यात राहिले नाहीत. ते ह्या शॉपचा कणा होते. त्यांची जागा कधीच भरून निघणार नाही. दोन मिनिटं शांतता पाळू.

आता, निम्म्या लोकांना माहीत होतं की माणूस धडधाकट हाय. तिघं तर सकाळीच त्याला रामराम करून आलते. पण साहेब बोलताना मध्ये कोण बोलणार? शिवाय त्या दिवशी पंधरा मिनिटं लवकर सोडणार होते.

पहिलं मिनिट संपलं आणि माझा मोबाईल वाजला. स्क्रीनवर नाव आलं, परशराम आण्णा. शेजारी फौजी मामा उभे होते. त्यांनी स्क्रीन बघितली, नाव वाचलं, आणि मोबाईलला हात जोडले.

मी सांगणारच होतो. खरंच. सोमवारी सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगायचं, असं ठरवून आलतो. पण सोमवारी सकाळी साहेबांनीच बोलावलं. जी जागा कधीच भरून निघणार नव्हती, ती त्यांनी मला दिली.

आण्णाला फोन करून म्हटलं, सुट्टी मंजूर हाय, निवांत रहा. त्याला कशाला सांगायचं? सुट्टी खराब झाली असती.

* * *

येळ्ळुरात बातमी फिरली, परशराम घरात बसलाय. पंचेचाळिशीचा माणूस घरात बसतोय म्हंजे एक तर नोकरी गेली, न्हायतर आजार. नोकरी गेली असं तोंडावर कसं म्हणायचं, म्हणून लोकांनी आजार धरला. आजाऱ्याला बघायला जाताना बिस्किटाचा पुडा न्यायचा असतोय. महिन्यात लक्ष्मी वैनीला, म्हंजे आण्णाच्या बायकोला, बिस्किटासाठी वेगळा पत्र्याचा डबा घ्यावा लागला.

निपाणीहून सासू आली. पुडा, शहाळं, अंगारा. तिनं चाळीस वर्षं विड्या वळल्यात. आल्या आल्या स्वयंपाकघरात जाऊन लेकीला विचारलं, "रिपोर्ट काय आलाय गं?"

आण्णानं बाहेरनं ऐकलं. म्हणाला, "मामी, मला काय झालेलं न्हाय. व्हायच्या आधी बसलोय."

मामी बाहेर येऊन समोर बसली. तिची बोटं चाललेली. पदराचा काठ गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. बारीक, एकसारखा, विडीएवढा.

"वर्षभर?" म्हणाली. "मग हातं काय करत्यात, जावयबापू?"

आण्णानं बिस्किट खाल्लं.

* * *

आजार न्हाय हे कळल्यावर गावाला धीर आला. रिकामाच हाय तर परशरामला सांगा. रेशनच्या रांगेत परशराम. लग्नाचा हॉल बघाय परशराम. कुणाची म्हस बसली, डॉक्टर आणाय परशराम.

"कंपनीत आठ तास होते रं, सुन्या," मला फोनवर म्हणाला. "सुट्टीला चौदा झाल्यात. आणि शेतात एकदाच गेलोय, ते पण दुसऱ्याच्या."

मी त्याला आयडिया दिली. दुसऱ्या दिवसापास्नं आण्णा कंपनीचा निळा युनिफॉर्म घालून, डबा घेऊन, सकाळच्या बसला उभा. पुढच्या स्टॉपला उतरायचा आणि मागच्या पायवाटेनं स्वतःच्या शेतात. बांधावर बसून भात बघायचा. डबा तिथंच खायचा. संध्याकाळच्या बसनं परत. वैनीला आणि भावाला तेवढं माहीत, बाकी गाव खूष. परत कुणी काम सांगितलं न्हाय. नोकरदार माणसाला कसं सांगणार?

शेजारची आक्का वैनीला म्हणाली, "बघितलंस? कामाला लागल्यापास्नं कसं तोंडावर तेज आलंय."

* * *

भात आला. आण्णानं त्याची प्रत्येक पात बघितलेली. कापणीच्या आदल्या दिवशी मला फोन केला, म्हणाला, "उद्या ये. कापणी, झोडपणी, सगळं बघायचंय."

मी रजा काढून गेलो. भावानं कापणीचं मशीन सांगितलेलं. आलं, शेतात शिरलं, आणि चाळीस मिनिटांत कापून, झोडपून, पोत्यात भरून दिलं. आण्णा मध्येच पुढं गेला, कणीस हातात घ्यायला. ड्रायव्हर वरनं ओरडला, "ओ कंपनीवाले, मागं सरा. युनिफॉर्म अडकंल."

आण्णा मागं सरला. पोती मोजत न्हवता, काय न्हाय. नुसता उभा.

"झालं?" मला म्हणाला.

"झालं."

उरलेले महिने तो आप्पांच्या खाटंजवळ बसला. आप्पांजवळ बसलोय, एवढंच फोनवर म्हणायचा. चांगलं म्हणून सांगत होता का वाईट म्हणून, मला कळलं न्हाय.

* * *

वर्ष झालं, त्याच तारखेला आण्णा गेटवर हजर. हजेरीच्या मशीनवर अंगठा लावला, लाल दिवा. परत लावला, परत लाल. फौजी मामांनी कडक सॅल्यूट ठोकला, पण आत सोडलं न्हाय. मी त्याला वर ऑफिसात घेऊन गेलो.

मॅडमनी फाईल काढली. फाईलीकडं बघितलं, आण्णाकडं बघितलं, परत फाईलीकडं. विश्वास फाईलीवर बसला.

"तुम्ही एक्स्पायर आहात," मराठीत म्हणाल्या.

"कवा?"

"मागच्या जूनमध्ये. अर्जावर सही तुमचीच आहे."

आण्णानं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीतनं बाहेर बघत होतो. पार्किंगमध्ये काय चाललेलं न्हवतं, तरी बघत होतो.

दुसऱ्या दिवशी तो हयातीचा दाखला घेऊन आला, शिक्का मारून. मॅडमनी दोन्ही बाजूंनी वाचला. "हा पेन्शनवाल्यांना चालतो," म्हणाल्या. "तुम्ही रिटायर कुठं झालाय?"

मग मधला मार्ग निघाला. ट्रेनी म्हणून घेता येईल, कॉन्ट्रॅक्टरकडनं. नवा फॉर्म. अनुभवाच्या रकान्यात आण्णानं तेवीस वर्षं सांगितली. मॅडमनी मान हलवली.

"तो अनुभव मयताचा आहे."

शून्य घातलं.

मी तवा बोलायला पायजे होतं. जुना फॉर्म माझ्या अक्षरात होता, समोरच पडलेला. एक वाक्य लागत होतं. पण ते वाक्य बोललो असतो तर सेटरच्या मशीनवर कोण राहिलं असतं, आणि गेटबाहेर कोण? बोललो न्हाय. ह्यात निम्मं-पाव काय न्हाय. हे पूर्ण खरं हाय.

* * *

ट्रेनीला सेटरच्या हाताखाली देत्यात. सेटर मी.

पहिल्या दिवशी आण्णा मशीनजवळ आला आणि म्हणाला, "गुड मॉर्निंग, सर."

"आण्णा, सर नका म्हणू."

"नव्यानं म्हणायचं असतंय," म्हणाला आणि झाडू घेऊन चिप्स झाडायला लागला.

दहा वाजता सगळे ह्याच टपरीवर आलो. आता आपल्या शॉपाची एक पद्धत हाय. नव्या माणसानं पहिल्या दिवशी सगळ्यांना चहा-भजी द्यायची. त्या दिवशी कुणी तोंड उघडलं न्हाय. आण्णाला कोण मागणार? त्याच्याच हातनं आम्ही तेवीस वर्षं चहा प्यालेला. तो स्वतःच उठला, टपरीवाल्याला म्हणाला, "आठ चहा, दोन प्लेट भजी. नवा मी हाय."

सुपरवायझर तवा मागच्याच महिन्यात हुबळीहून आलेला. त्याला काय माहीत न्हाय. आण्णाचा हात बघून त्याला शंका आली असंल. ग्लास धरायची पद्धत, बोटाला टूलचे जुने व्रण.

"आधी कुठं शिकलायसा?" त्यानं विचारलं.

"हितंच," आण्णा म्हणाला. "एकजण होते, त्यांच्याकडं."

"चांगलं शिकवायचे?"

"चांगलं शिकवायचे. एक पोरगं तर लई पुढं गेलं त्यांचं."

मी भज्यांकडं बघत होतो.

"कुठं असत्यात आता?"

"वारले."

"अरेरे. कशानं?"

आण्णानं चहा बशीत ओतला. फुकला. प्याला.

"सुट्टी काढलती," म्हणाला.

तर असं हाय. आठ चहा झाल्यात, दोन प्लेट भजी. आज नवा तू हैस. पैसे काढ.