दसऱ्याला उकळलेली मोटार

भद्रकालीतल्या रेडिएटरवाल्या चाचांनी त्या दसऱ्याला माझा हात धरला नसता, तर मी आज नाशकात नसतो. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं माझ्या भित्रेपणाचं आहे.

माझं गाव पार गोंदियाकडं. आठवीत शाळा सुटली, आणि गाड्यांच्या कामापायी फिरत फिरत इथल्या एका गॅरेजात टिकलो. गॅरेजच्या शेठकडे शंभर वर्षांपूर्वीची मोटार होती. पुढं पितळी रेडिएटर, सुरू करायला लोखंडी हँडल. दसऱ्याला तिची पूजा करायची आणि तिच्यातूनच घरच्यांनी कालिकेच्या दर्शनाला जायचं, हा त्यांचा रिवाज. जुना ड्रायव्हर वारला, तेव्हा शेठ म्हणाले, "यंदा तू चालव."

मला त्या हँडलची भीती. या मोटारीत स्टेअरिंगखाली एक छोटा दांडा असतो. स्पार्क लवकर पडणार की उशिरा, ते त्यावर ठरतं. सुरू करताना दांडा वर, म्हणजे उशिरावर ठेवायचा, नाहीतर हँडल उलटं फिरून मनगट मोडतं. जुन्या ड्रायव्हरचं वाकडं मनगट मी रोज बघितलेलं. म्हणून दांडा पार वर ढकलला आणि मग त्याला हातच लावला नाही. वाटेत बंद पडली, पुन्हा हँडल मारायला लागलं आणि मी दांडा वर करायला विसरलो तर?

सीबीएस बस स्टँडच्या सिग्नलला रेडिएटरच्या टोपणातून वाफ उसळली. मागच्या सीटवरून शेठच्या आत्या म्हणाल्या, "अगं बाई, देवळात पोचायच्या आधीच हिच्या अंगात आलं!"

शेठच्या घरातली पोरं हसली. झेंडूचा जाड हार जाळीवर होता, वारा अडत असेल म्हणून तो काढला. दहा मिनिटं थांबून पुन्हा निघालो. चढ नाही, काही नाही, तरी गाडी ओढेना, आणि शंभर पावलांवर परत वाफ.

शेठ खाली उतरून हळूच म्हणाले, "इंजिनाचा ब्लॉक तडकला तर असा दुसरा मिळायचा नाही. कळतंय ना तुला?" मग स्वतःशीच, "चाचांनी परवा रेडिएटरची गळती डाख लावून बंद केली, त्यांनीच आतली एखादी नळी बुजवली असणार."

मी चाचांना फोन लावला आणि पाच-सात मिनिटं वाट बघून, घाबरून शेजारच्या दुकानातली गार पाण्याची बादली उचलली. ओतणार, तेवढ्यात मागून मनगट धरलं गेलं. चाचा स्कूटरवरून आले होते.

"अरे थांब! तापल्या लोखंडावर गार पानी? तडकवतो का?"

त्यांनी रेडिएटरला वरून खालपर्यंत हात फिरवला. वर चटका, खाली येता येता कोमट, मध्ये कुठं गार पट्टा नाही. "पानी फिरतंय. माझं काम ठीक हाय." मग बॉनेटमध्ये वाकून बघितलं. सायलेन्सरचा पाइप इंजिनाजवळ मंद लाल झाला होता. ते सरळ स्टेअरिंगकडं गेले आणि मला जवळ ओढलं.

"दांडा कोणी वर ठेवला?"

"मी. मनगटाच्या भीतीनं."

"स्पार्क उशिरा, तर जाळ इंजिनात नाही, बाहेर जाताना पेटतो. मग उकळणार नाही तर काय करणार?"

शेठ आले. "काय सापडलं, चाचा?"

मी डोळे मिटून घेतले. गावाकडची गाडी सकाळी किती वाजता सुटते, तेही मनात येऊन गेलं. आळ चाचांवर होता. एका वाक्यात त्यांना तो माझ्यावर टाकता आला असता.

"दांडा वरच राहिला, शेठ. याला हँडल दाखवलं आपण, दांडा खाली कधी घ्यायचा ते कोणी दाखवलंच नाही. तुम्ही नाही, मी नाही."

शेठनी वाकून दांडा निरखला. शेवटी म्हणाले, "मग आता दाखवा."

गाडी निवल्यावर मी हँडल मारलं, चाचा शेजारी बसले, माझा हात दांड्यावर ठेवला आणि इंजिनाचा आवाज मोकळा होईपर्यंत तो खाली आणवला. देवीपर्यंत वाफ आली नाही.

आता चाचांना उजव्या डोळ्यानं कमी दिसतं. ऑपरेशनचं नाव काढलं की विषय बदलतात. भीती काय असते ते मला कळतं, म्हणून घाई करत नाही. पण चाचा, ज्या दिवशी तुम्ही हो म्हणाल, त्या दिवशी मीच तुम्हाला घेऊन जाईन आणि आत नेईपर्यंत तुमचा हात सोडणार नाही.