काचेची रांगोळी

ताईला जाऊन महिना होत आला. इगतपुरीला आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये पहाटे तिचा श्वास थांबला, आणि दुपारी भाऊजी नाशिकहून आले... कित्येक वर्षांनी पहिल्यांदा. हातात हिरव्या बांगड्यांचा पुडा. सवाष्ण गेली, तिचे हात रिकामे जाऊ नयेत, म्हणाले. मी त्यांना उंबऱ्याबाहेरच थांबवलं. जमलेल्या बायका डोळे वटारून माझ्याकडे बघायला लागल्या. बघेनात का!

ताई नाशिकला मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. अंगाने काडी, पण फळ्यावर एका दमात गोल काढायची. घरी तेच मनगट पिरगळलं जायचं. आमटी अळणी झाली, शाळेतून यायला उशीर झाला, शेजाऱ्याशी हसून बोलली... भाऊजींना निमित्त पुरे. एकदा पाट फेकून मारला. एकदा केसांना धरून मोरीच्या कट्ट्यावर डोकं आपटलं. भुवईवरची ती खूण शेवटपर्यंत राहिली. बांगड्या तर दर वेळी फुटायच्याच. आणि दुसऱ्या दिवशी हाच माणूस तिला भद्रकालीत कासाराकडे न्यायचा, स्वतः रंग निवडून नव्या बांगड्या भरवायचा. भुंड्या हातांची बायको त्यांना चालत नसे ना! गल्ली म्हणायची, नवरा किती हौशी. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. निघून ये, मी किती वेळा सांगितलं. ताई काचा गोळा करून वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात टाकायची आणि म्हणायची, "माझं खरं कोण मानणार गं?" खरंच, कुणी मानलं नसतं. बाहेर माणूस इतका गोड की साखर लाजावी.

ऐंशी सालच्या सुमारास नाशिकच्या संग्रहालयात नव्या धाटणीच्या कलेचं प्रदर्शन भरलं. गावातल्या कलाशिक्षकांनी एकेक खोली नक्षीने भरायची होती. ताईने तो डबा उचलला. गुडघ्यांवर बसून तिने जमीनभर काच मांडली, वर्तुळात वर्तुळ, प्रत्येकाचा रंग वेगळा, मधोमध लग्नातला हिरवा चुडा. बोटं रक्ताळली तरी मला हात लावू दिला नाही. सकाळचं ऊन आत आलं की भिंतींवर रंग नाचायचे. आणि आमची नाशिकची माणसं! एवढी मोठी रांगोळी बघून, कुणी न सांगता, दाराबाहेर चपला काढून आत येत.

भाऊजींनीही बूट काढले. चार मित्र, त्यांच्या बायका, सगळा लवाजमा घेऊन आले होते. आमच्या मिसेसचं काम, म्हणून छाती फुगवून दाखवत होते. एका बाईंनी सहज विचारलं, एवढ्या बांगड्या आणल्या कुठून? ताई पलीकडच्या कडेला उभी होती. वर्गात शिकवावं तशा आवाजात म्हणाली, "ह्यांनीच आणल्या. जांभळ्या फुटल्या आमटी अळणी झाली तेव्हा. मोरपिशी, मोरीवर डोकं आपटलं त्या दिवशी. मधला चुडा लग्नानंतर पहिल्याच महिन्यात फुटला."

भाऊजी हात उगारून तिच्या अंगावर धावले. सरळ, काचेवरून. हिरव्या चुड्यापर्यंत पोचले आणि मग ओरडले. तळव्यांत तुकडे रुतले होते, वर्तुळं लाल होत चालली होती. पुढे पाऊल टाकवेना, मागेही नाही. मित्रांकडे पाहिलं, तर ते जमिनीकडे बघत होते. मग बायकोपुढे हात केला, "हात दे."

ताईने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"आलात तसेच जा," ती म्हणाली.

खोटं कशाला बोलू, माझ्या काळजाला थंडावा मिळाला. दुष्ट म्हणा मला. शिपायाने शेवटी बाकडं सरकवून त्यांना बाहेर काढलं. ताई घरी गेलीच नाही, माझ्याबरोबर इगतपुरीला आली. प्रदर्शन संपल्यावर काच डब्यात भरून घेतली, रक्त लागलेली धुतली नाही. पुन्हा कधी तिने बांगडी घातली नाही. इथल्या शाळेत मनगटं उघडी टाकून शिकवलं तिने, कोण काय म्हणेल ते म्हणो.

म्हणूनच त्या दुपारी भाऊजींना मी एवढंच म्हटलं, "चपला काढून आत या."

आत साधी फरशी होती, एक कण नव्हता तिच्यावर. भाऊजी फरशीकडे बघत राहिले. चपलेतली बोटं आवळली गेली. मग पुडा तसाच हातात घेऊन, लंगडत, स्टेशनच्या वाटेला लागले.

ताई रिकाम्या हातांनी गेली, तिला हवं होतं तशी. डबा इतकी वर्षं कपाटात असायचा... आता मी तो दाराजवळ ठेवते.