नागपूर सुटलं त्या दिवाळीत

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. घरात रिकाम्या बाटल्या जमतात, तसे ते जमतात. कुणी विकत आणलेल्या नसतात, टाकून द्यायचंही कुणाच्या मनात येत नाही, आणि एक दिवस फडताळ उघडावं तर दोन ओळी भरलेल्या! आमच्या मंडळींच्या किश्श्यांचं तसंच झालंय. आणि गंमत म्हणजे त्यातले निम्मे एकाच दिवाळीच्या सुट्टीतले आहेत.

मंडळी म्हणजे आम्ही पाच जण. गणपतराव महाजन, माझ्याच शाळेत गणित शिकवायचे. वसंतराव देव सरकारी कचेरीत कारकून आणि नाटकाचे वेडे. रमणलालचं बुधवारा पेठेत कापडाचं दुकान. दामूअण्णा पाटील तापीकाठचे शेतकरी, बाजाराच्या दिवशी बुऱ्हानपूरला येत आणि सणासुदीला मुक्कामच ठोकत. पाचवा मी, भूगोलाचा मास्तर.

छप्पन सालच्या त्या दिवाळीत आमचं राज्य बदललं. नागपूरची राजधानी सुटली, भोपाळची आली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही बुऱ्हानपूरकर होतो तिथेच राहून दुसरीकडे गेलो. मी हेडमास्तरांना विचारलं, "वर्गातल्या नकाशाचं काय करायचं?"

ते म्हणाले, "नवा येईपर्यंत सुट्टी लांबवता येत नाही. तुम्ही प्राचीन इतिहास म्हणून तोच वापरा!"

* * *

वसुबारसेला गणपतरावांकडे दराबा, म्हणजे आमच्याकडचं दिवाळीचं गोड, करायचा बेत होता. रवा, साखर आणि तूप हातानं फेटत बसायचं, पिसासारखं हलकं होईपर्यंत. वहिनींचा, म्हणजे गणपतरावांच्या पत्नीचा, हात दुखावला होता. त्यांनी परात आमच्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "भाऊजी, आज तुम्हीच."

पाळीपाळीनं फेटायचं ठरलं. दहा मिनिटांत हात भरून आले. दराबा होता तसाच, जड!

तेवढ्यात गणपतराव म्हणाले, "आपली मराठी शाळा आता राहते की जाते कुणास ठाऊक."

रमणलाल म्हणाला, "अरे मास्तर, हिंदी आली तर काय बिघडतंय? दुकान में तो दोनों चलती है."

"दुकानात चालतं हो! शाळेत नाही चालत!" परात गणपतरावांच्या हातात होती. ते तावातावानं फेटू लागले. मग वसंतरावांनी ती ओढून घेतली आणि अमरावती कशी आपली, नागपूर कसं आपलं, हे सांगत सांगत तेही फेटू लागले. मी मध्ये पडलो, तर मलाच परात मिळाली. आवाज एवढे चढले की शेजारचे डोकावून गेले.

वहिनी आतून आल्या. वाद मिटवतील असं वाटलं. त्यांनी वाकून परातीत बोट बुडवलं, चव घेतली आणि म्हणाल्या, "थांबू नका. अजून पाव तास भांडा, छान हलका होतोय!"

* * *

गणपतरावांना वैद्यांनी गोड बंद केलं होतं. दिवाळी तोंडावर. माणूस अर्धा झाला. शेवटी ते वैद्यांकडे जाऊन रडकुंडीला आले, तेव्हा वैद्य म्हणाले, "बरं, सणाची एक मावा जलेबी खा. पण एकच!"

धनत्रयोदशीला आम्ही हलवायाकडे गेलो. गणपतरावांनी हलवायाला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. हलवायानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा कढईकडे पाहिलं, आणि कढईच्या कडेपासून जे फिरवायला घेतलं ते मधोमध येऊनच थांबला. कढईत दुसरं काही मावेना. पाकातून काढायला दोघे लागले!

वहिनींना कळल्यावर घरात काय झालं असेल ते सांगायला नको. पण गणपतराव शांत होते.

"वैद्यांनी संख्या दिली होती," ते म्हणाले. "क्षेत्रफळ दिलं नव्हतं."

* * *

रमणलालनं त्या वर्षी रेडिओ घेतला. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी आम्हा सगळ्यांना बोलावणं. नव्या राज्याचं काहीतरी ऐकू येईल, म्हणाला. गच्चीवर बांबू उभारून तार बांधली होती. रेडिओवर विणलेला रुमाल, रुमालावर झेंडूचं फूल. बैठकीत गादी, पानाचं तबक, फरसाण.

रमणलालनं बटण फिरवलं. खरखर. आणखी फिरवलं. जास्त खरखर! तो गच्चीवर गेला, तार हलवली, खाली आला. खरखर सुरूच होती. अर्धा तास झाला. आम्ही फरसाणाकडे वळलो होतो, पण दामूअण्णा मांडी घालून, टोपी सरळ करून, मन लावून ऐकत होते. त्यांनी रेडिओ पहिल्यांदाच पाहिला होता.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "शेठ, तिकडे पाऊस पडून राह्यला का?"

कुणी हसलं नाही, कारण रमणलालचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दामूअण्णांनी पुन्हा विचारलं, "आन् हे नागपूर बोलून राह्यलं का भोपाळ?"

रमणलालनं बटण बंद केलं आणि कपाळावरचा घाम पुसला.

"अण्णा, एक बोलता नहीं, दुसरे ने अभी शुरू नहीं किया!"

* * *

भाऊबीजेला संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये नाटक. दरवर्षीचंच, वसंतरावांनी लिहिलेलं, वसंतरावांनी बसवलेलं आणि अर्थातच राजाच्या भूमिकेत वसंतराव. त्या वर्षी पाहुणे म्हणून वसंतरावांच्या कचेरीत नव्यानं बदलून आलेले साहेब होते. त्यांना मराठीचा गंध नव्हता. म्हणून शेजारी रमणलालला बसवला, हळू आवाजात हिंदी करून सांगायला.

पहिला अंक ठीक गेला. दुसऱ्या अंकात राजाला प्रधानाचा विश्वासघात कळतो. वसंतरावांनी महिनाभर तेवढंच भाषण पाठ केलं होतं. आकाशाला हाक मारली, पृथ्वीला हाक मारली, मुकुट काढून फेकला, गुडघ्यावर बसले, पूर्वजांची नावं घेतली, छाती बडवली. बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. सात-आठ मिनिटं चाललं होतं ते!

साहेबांनी रमणलालकडे झुकून विचारलं, "क्या कह रहे हैं?"

रमणलाल म्हणाला, "नाराज हैं."

नाटक संपल्यावर साहेब स्टेजवर आले. वसंतरावांच्या गळ्यात हार घातला, खांद्यावर हात ठेवला आणि फार आपुलकीनं म्हणाले, "देवजी, दफ्तर में कोई तकलीफ हो तो सीधे मुझे बताइए."

* * *

दोन दिवसांनी आम्ही सकाळच्या पॅसेंजरनं चांदनीला गेलो. स्टेशनपासून थोडं चाललं की झाडी आणि एक नाला. दरवर्षी तिथे भरीत-भाकरी व्हायची. दामूअण्णांनी घरची वांगी आणली होती आणि ती भाजायला गेल्या सालच्या कापसाच्या पऱ्हाट्यांचा भारा. तेल, मिरच्या, लसूण, कांद्याची पात, सगळं मांडून झालं. पऱ्हाट्या रचल्या, वर वांगी ठेवली.

गणपतराव म्हणाले, "वसंतराव, काडेपेटी काढा."

वसंतराव म्हणाले, "माझ्याकडे नाही. तुमची काढा."

त्यांच्याकडेही नव्हती. माझ्याकडे नव्हती. रमणलालनं तिन्ही खिसे उलटे करून दाखवले. सगळे दामूअण्णांकडे वळले, तर ते जमिनीकडे बघत होते.

मग एकेक कबुली बाहेर आली. पाडव्याच्या मुहूर्तावर पाचही जणांनी बिडी सोडली होती! कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं. नंतर मोडली तर हसं नको म्हणून.

दामूअण्णा आणि मी विस्तव आणायला पुन्हा स्टेशनवर गेलो. गाड्यांचे रूळ बदलून देणारा तिथला सांधेवाला आपल्या खोलीबाहेर चहा उकळत बसला होता. मोठा अगत्याचा माणूस. चुलीतला निखारा खापरात घालून दिला आणि वर दोन बिड्या पुढे केल्या. मी नको म्हणणार, तोवर दामूअण्णांनी एक घेऊन पेटवलीसुद्धा.

"अण्णा! पाडवा?" मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटून पहिला झुरका सोडला. "मास्तर, विस्तव मागाले आलो ना आपन? मंग देनाऱ्याचा मान राखा लागते."

परत गेल्यावर आम्ही तिघांना हे सांगितलं. तेव्हा त्या तिघांनाही एकदम वाटलं की सांधेवाल्याचे जाऊन आभार मानायला हवेत!

* * *

आता शेवटचा.

कचेरीतल्या मराठी लोकांना विचारलं होतं, इथे राहणार की मुंबई राज्यात जाणार? सुट्टी संपली की लेखी पसंती द्यायची. वसंतरावांचं सगळं तिकडेच होतं. भाऊ अमरावतीला, सासर अकोल्याला. इथे ते भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे. सुट्टीभर त्यांनी हा विषय काढला नाही, आणि आम्हीही नाही. शेवटच्या दिवशी सकाळी गणपतरावांच्या ओट्यावर बसलो असताना त्यांनी खिशातून तो कागद काढला आणि म्हणाले, "तुम्हीच सांगा. काय लिहू?"

गणपतराव म्हणाले, "जा. पोरं मराठीत शिकतील. इथलं काही खरं नाही."

मी म्हटलं, "बढतीही तिकडे लवकर मिळेल. जावं."

रमणलाल म्हणाला, "जाओ भाई. अपने लोगों में रहोगे. भाभी भी खुश."

दामूअण्णांनी बराच वेळ तंबाखू मळली. "जा भाऊ," ते म्हणाले. "तुमचा मुलुख हाय तो."

वसंतरावांनी सगळ्यांचं नीट ऐकून घेतलं. मान हलवली. कागदाची घडी घातली, चहा संपवला आणि घरी गेले. आम्ही उरलेले चौघे दुपारपर्यंत तिथेच बसलो. मग रमणलालनं निरोपाच्या जेवणाचा विषय काढला आणि पुढच्या रविवारी तापीच्या राजघाटावर करायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी आणि गणपतराव कचेरीवरून येत होतो. वसंतराव फाटकातच भेटले.

गणपतरावांनी विचारलं, "दिलात कागद?"

"दिला."

"कधी निघायचं?"

"निघायचं नाही. इथेच राहतो असं लिहून दिलं."

गणपतराव जवळजवळ ओरडले, "अहो, काल आम्ही चौघांनी मिळून जा म्हणून सांगितलं ना तुम्हाला!"

वसंतरावांनी सायकलचा स्टँड पायानं वर केला.

"तेच तर झालं," ते म्हणाले. "एकानं जरी स्वतःसाठी थांब म्हटलं असतं ना, तर गेलो असतो."