गौरव्वांचा हंडा

पुण्याहून निघताना बायकोने फिरकीचा तांब्या हातात देऊन बजावले, "अहो, परक्याच्या हातचं पाणी नको हं!" मी तरी काय कमी? दौंडला गाडीतल्या शेजाऱ्याने पाणी देऊ केले, तर मी मान फिरवली.

सोलापूरला उतरलो तेव्हा घसा कोरडा, तांब्याही कोरडा. टांगा करून शिवप्पांच्या घरी गेलो. शिवप्पा कापडाचे व्यापारी, माझे जुने स्नेही. विषमज्वरातून नुकते उठले होते, त्यांनाच भेटायला आलो होतो. नुसती हाडे उरली होती हो!

"नळाला दोन दिस पानी न्हाय," त्यांच्या पत्नी गौरव्वा म्हणाल्या. "आलं तरी लई गढूळ. हिरीचं आणून, गाळून, उकळून ठेवते. डाक्टर म्हनले, पुन्ना बाधलं तर हे हाती लागायचे न्हाईत."

कल्हईचा हंडा फडक्याने झाकलेला होता. त्यांनी ओगराळ्याने (लांब दांड्याच्या पळीने) पाणी काढायला घेतले.

"राहू द्या वहिनी, मीच घेतो," म्हणत मी माझा तांब्या सरळ हंड्यात बुडवला. पाणी त्यांचे, पण हात माझा! सोवळ्याची एवढी पळवाट मी काढली होती.

"अगंबाई!" गौरव्वांनी हंडा उचलला आणि मोरीत पालथा केला.

माझे पित्त खवळले. "माझा विटाळ झाला की काय?"

"विटाळ कुटला, भावजी? तांब्या गाडीत कुटं कुटं ठिवला असंल. ह्यांच्या पोटाला सोसायचं न्हाय की."

मी तांब्याचा तळ पाहिला. कुणाच्या तरी पानाच्या पिंकेचा लाल डाग होता. मेल्याहून मेल्यासारखे झाले.

त्या पुन्हा विहिरीवर गेल्या. मी घागर घेऊ लागलो, तर "पाव्हन्यानं?" म्हणून हिसकावून घेतली. पाणी उकळून निवेपर्यंत शिवप्पांनी दोनदा पाणी मागितले. वर मलाच म्हणाले, "तुला बी तहान लागली असंल की रे." मला त्यांच्याकडे बघवेना.

आधी ते प्याले. मग गौरव्वांनी ओगराळे माझ्यापुढे धरले. मी मुकाट्याने ओंजळ केली. बांधून आणलेल्या दशम्या तशाच ठेवून त्यांची कडक भाकरी आणि शेंगांची चटणीही खाल्ली.

घरी आलो. "पाणी कुठं प्यालात?" बायकोने विचारले.

"स्टेशनवर. स्वतःच्या हातानं."

तिने समाधानाने तांब्या राखेने घासायला घेतला. मी खाली मान घालून बसलो. तोंडाने सांगायची छाती झाली नाही, म्हणून इथे लिहितो आहे. आमच्या घरीही हे वाचले जाईल. वाचले जावे.